सत्काराच्या यादीतला सातवा

आदरणीय पाळकसाहेब, वडीलजन आणि कार्यकारी समितीचे सभासद, तसेच आमच्यासारख्या इतर ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये ज्यांच्या हाती माईक, चाव्या आणि कार्यक्रमपत्रिका असतात असे सर्व,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात कोणाकोणाचा सत्कार करायचा त्याची यादी करण्याचं काम समितीने माझ्यावर सोपवलं होतं. सोपं वाटलं म्हणून मी हो म्हटलं. यादी तुमच्याकडे पोहोचली आहे, तिच्यावर चर्चाही झाली असेल. पण ती करताना जे तीन आठवडे गेले, त्यांत आपल्या मंडळीबद्दल आणि त्याहून जास्त स्वतःबद्दल मला जे कळलं, ते सभेच्या इतिवृत्तात येणार नाही. म्हणून हे पत्र. उघड लिहितोय, कारण हा आजार एकट्या आपल्या घरातला नाही.

यादीची बातमी फुटली तसे फोन सुरू झाले. एक गृहस्थ थेट म्हणाले, "माझं नाव त्यांच्या खाली कसं?" हे बरं, निदान सरळ. दुसऱ्यांनी स्वतःबद्दल चकार शब्द काढला नाही. "मला काही नको हो, पण आमच्या वडिलांनी या मंडळीसाठी काय केलं ते लोकांनी विसरू नये, एवढंच." तिसऱ्यांचा निरोप आला की सत्काराची त्यांना गरज नाही, पण खुर्ची व्यासपीठावर असेल ना? एका बहिणीने नवऱ्यासाठी शब्द टाकला आणि वर बजावलं की मी फोन केल्याचं त्यांना कळू देऊ नका. मी मनातल्या मनात तिला जब्दीच्या मुलांची आई म्हटलं आणि जरा हसलो. मत्तयाच्या शुभवर्तमानात (बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकात) ती आई येशूकडे येऊन आपल्या दोन मुलांसाठी त्याच्या राज्यातल्या उजवी-डावीकडच्या जागा मागते. मार्कात मुलगे स्वतःच मागतात.

हसू फार वेळ टिकलं नाही, कारण यादीत माझंही नाव होतं आणि ते मी सातव्या क्रमांकावर घातलं होतं. सात हा आकडा सहज आलेला नव्हता. पहिल्या पाचांत घातलं असतं तर यादी करणाऱ्यानेच स्वतःला वर बसवलं असं दिसलं असतं. दहाच्या खाली गेलं असतं तर कोणाचं लक्ष तिथवर पोहोचलं नसतं. आठ-दहा नावं झाली की माणसं चुळबुळ करायला लागतात, हे इतक्या वर्षांच्या कार्यक्रमांनी शिकवलंय. शिवाय सातव्या जागी नाव दिसलं की कोणीतरी म्हणणारच, "अहो, तुमचं नाव खरं तर वर हवं होतं." ते वाक्य आणि त्यावर मी कसा हात हलवून "छे छे" म्हणणार तेसुद्धा मी मनात पाहून ठेवलं होतं. तेव्हा या पत्रात कोणाला दूषणं दिल्यासारखी वाटली, तर पहिली माझ्याच पदरात घाला.

मार्काच्या शुभवर्तमानात एक गोष्ट तीनदा घडते. आठव्या, नवव्या आणि दहाव्या अध्यायात येशू शिष्यांना सांगतो की आपल्याला जिवे मारतील. तिन्ही वेळा पुढच्याच ओळींत शिष्य भलतीकडे गेलेले असतात. पहिल्यांदा पेत्र त्यालाच बाजूला घेऊन दटावतो. दुसऱ्यांदा वाटेने चालता चालता वाद होतो, आपल्यात मोठा कोण? कफर्णहूमला घरात आल्यावर येशू विचारतो, वाटेत कशाबद्दल बोलणं चाललं होतं? सगळे गप्प. ही गप्प बसण्याची ओळ मला फार खरी वाटते. तशी शांतता मी समितीच्या बैठकीत ऐकली आहे. तिसऱ्यांदा जब्दीचे मुलगे याकोब आणि योहान गौरवातल्या जागांसाठी नंबर लावतात आणि बाकीचे दहा संतापतात. का संतापले ते मार्क सांगत नाही. मागणी चुकीची होती म्हणून नव्हे, हे दोघे आपल्या आधी पोचले म्हणून, असा माझा आपला अंदाज. लूक तर सांगतो की शेवटच्या भोजनाच्या रात्री, भाकर मोडून झाली होती, प्याला फिरला होता, आणि त्याच मेजावर पुन्हा तोच वाद निघाला. म्हणजे प्रभुभोजनाची पहिली सभा आणि मानपानाचा पहिला तंटा एकाच रात्रीचे. आपण काही नवीन बिघडलेलो नाही.

त्या दोघा भावांना येशू विचारतो, मी तुमच्यासाठी काय करावं अशी तुमची इच्छा आहे? लगेच पुढच्या प्रसंगात, यरीहोच्या बाहेर रस्त्याकडेला बसलेल्या आंधळ्या बार्तीमयाला तो जवळजवळ त्याच शब्दांत तोच प्रश्न विचारतो. भावांनी जागा मागितली होती, याने नजर मागितली. नजर मिळाली. आणि त्या उजवी-डावीकडच्या जागा कोणाला मिळाल्या? मार्कच पंधराव्या अध्यायात सांगतो: दोन लुटारूंना, एक उजवीकडच्या वधस्तंभावर, एक डावीकडच्या.

एक गोष्ट मात्र आपण उपदेश करताना गाळतो. मोठं व्हायची इच्छाच वाईट, असं येशू त्या दोघांना म्हणत नाही. ज्याला मोठं व्हायचंय त्याने सेवक व्हावं, ज्याला पहिलं व्हायचंय त्याने सगळ्यांचा दास व्हावं, असं म्हणतो. भूक मारली नाही, ताट बदललं. आणि नेमकं इथेच आपण एक मोठी चलाखी केली आहे: त्याने ताट बदललं, तर आपण जुन्याच ताटावर नव्या ताटाचं नाव घालून घेतलं.

'सेवक' या शब्दाचंच बघा. मूळ ग्रीक शब्द दियाकोनॉस. मेजावर वाढणारा, सांगितलेलं काम करणारा, निरोप पोहोचवणारा. दुसरा शब्द दूलॉस, म्हणजे सरळसरळ गुलाम. त्या काळात हे शब्द ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोण उभं राहत असेल? ज्याचं नाव विचारायची गरज कोणाला पडत नाही असा माणूस. आज आपल्यात "प्रभूचे महान सेवक येत आहेत" असं जाहीर झालं की डोळ्यांसमोर कोण येतं? पोस्टरवर सर्वांत मोठा फोटो असलेला माणूस. "त्यांची सेवा फार मोठी आहे" म्हणजे त्यांची सभा मोठी भरते. "माझ्या सेवेत अडथळा आणू नका" म्हणजे माझा माईक बंद करू नका. महान सेवक! या दोन शब्दांना शेजारी बसवताना आपली जीभ अडखळत नाही, इतके आपण सरावलो आहोत. लेटरहेडवर "ख्रिस्ताचा नम्र दास" असं छापलेलं मी पाहिलंय, तेही सोनेरी अक्षरांत आणि चार पदव्यांच्या खाली.

आणि ही चलाखीही आपली नाही, फार जुनी आहे. सहाव्या शतकाच्या शेवटी कॉन्स्टँटिनोपलच्या पॅट्रिआर्कने, म्हणजे तिथल्या मुख्य धर्माध्यक्षाने, 'सार्वत्रिक' अशी पदवी वापरली, तेव्हा रोमचे पोप पहिले ग्रेगरी यांनी त्याला कडाडून विरोध केला. ग्रेगरी ५९० ते ६०४ या काळात पोप होते. स्वतःसाठी ते शब्द वापरत: देवाच्या दासांचा दास. माणूस प्रामाणिक होता याबद्दल मला शंका नाही. पण पुढे काय झालं? तेच शब्द पोपच्या अधिकृत बिरुदावलीत जाऊन बसले आणि आजही तिथेच आहेत. सर्वांत खालची जागा दाखवायला काढलेला शब्द सर्वांत वरच्या पदाचा किताब झाला. मी कॅथलिक मंडळीला हसत नाही. आपल्याकडच्या 'सेवक' शब्दाचं तेच झालंय, फक्त त्यामागे ग्रेगरींसारखं मन असेलच अशी खात्री मला देता येत नाही.

पवित्र आठवड्यातल्या पाय धुण्याचंही तेच. ज्यांचे पाय धुतले जाणार ते घरूनच स्वच्छ धुऊन येतात. फोटोही निघतो. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू शिष्यांचे पाय धुऊ लागला तेव्हा पेत्र "माझे पाय कधीही धुवायचे नाहीत" म्हणाला, त्याला आपण नम्रता समजतो. मला आता वाटतं, गुरूने पाय धुतले तर उद्या आपल्यालाही इतरांचे धुवावे लागतील, हा धोका त्याने ओळखला असावा.

आता मूळ विषयाकडे, म्हणजे यादीकडे. छापायच्या तक्त्यात तीन रकाने होते: नाव, पद, कालावधी. तक्ता मीच आखला होता. आपल्या मंडळीत एक वयस्क बहीण आहेत. कोणी आजारी पडलं की रात्री उशाशी बसायला त्या जातात. कित्येक वर्षं. मी त्यांचं नाव लिहिलं आणि पुढचा रकाना रिकामा राहिला. पद काय लिहायचं? त्या कधी कोणत्या समितीवर नव्हत्या. कालावधी कधीपासून कधीपर्यंत? ठाऊक नाही. रिकामे रकाने छापायला बरे दिसणार नाहीत म्हणून मी ते नाव खोडलं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणाचा दबाव नव्हता. तक्त्यानेच त्यांना बाहेर काढलं.

नंतर मन खाऊ लागलं म्हणून त्यांना फोन केला आणि झालं ते सांगितलं. मला वाटलं होतं त्या म्हणतील, "असू दे रे, माझं बक्षीस स्वर्गात आहे." तसं म्हणाल्या असत्या तर मी सुटलो असतो आणि हे पत्रही झालं नसतं. त्या म्हणाल्या, "वाईट वाटलं. मी काय दगड आहे?" थोडा वेळ थांबून म्हणाल्या, "मला वर बसव असं नाही म्हणत. पण कोणाला दिसतंय की नाही, एवढं तरी कळावं ना माणसाला."

त्या दोन वाक्यांनी माझे सगळे तयार उपदेश कोलमडले. मान हवा वाटणं म्हणजे गर्व आणि काही नको वाटणं म्हणजे नम्रता, अशी सोपी वाटणी मी करून बसलो होतो. पण दिसावंसं वाटणं वेगळं आणि दुसऱ्याच्या वर दिसावंसं वाटणं वेगळं. पहिली गरज लेकराला आईकडून असते, तीत लाजण्यासारखं काही नाही. दुसरी मात्र कधीच भागत नाही, कारण तिला पोट नसतं, तिला शेजारी लागतो.

येशूचा संदेश गावोगावी नेणाऱ्या प्रेषित पौलाला हा फरक नीट ठाऊक होता. रोमकरांना लिहिलेल्या पत्राचा शेवटचा अध्याय आपण उपासनेत वाचत नाही, कारण तो नावांनीच भरलेला आहे. पण वाचा एकदा. सुरुवात फिबीपासून, किंख्रियाच्या मंडळीची सेविका. तिच्यासाठी पौलाने तोच दियाकोनॉस शब्द वापरलाय. पुढे दोन डझनांहून जास्त नावं येतात. मरीयेने तुमच्यासाठी फार श्रम केले. त्रुफैना आणि त्रुफोसा प्रभूमध्ये श्रम करतात. प्रिय पर्सीस, तिनेही फार श्रम केले. रूफाची आई, जी माझीही आई झाली. पत्र लिहून घेणारा तर्तियस मध्येच स्वतःचा सलाम घालतो आणि पौल तो खोडत नाही. या यादीत मानाचा क्रम मला सापडत नाही. पदाचा रकाना नाही, बहुतेकांच्या पुढे काम किंवा नातं लिहिलंय. माझा तक्ता आणि हा अध्याय शेजारी शेजारी ठेवले तेव्हा मला तक्ता फाडावासा वाटला. फाडला नाही, कारण तोवर तो तुमच्याकडे गेला होता.

इथे एक कडू गोष्ट बोलतो. नम्रतेचा उपदेश आपल्यात नेहमी खालच्या दिशेने वाहतो. ज्याची खुर्ची पक्की आहे तो ज्याला खुर्चीच नाही त्याला सांगतो, भाऊ, नम्र राहा. हिशेब विचारणाऱ्या तरुणाला सांगितलं जातं, आधी नम्रता शिक. मत मांडणाऱ्या बाईला सांगितलं जातं, कामात गुंतलेल्या मार्थेसारखी नको, येशूच्या पायाशी बसून ऐकणाऱ्या मरीयेसारखी हो; आणि मग कामाला पुन्हा मार्थाच लागते. शुभवर्तमानात हे उलटं आहे. शेवटच्या जागी बसा, दास व्हा, हे येशू कोणाला सांगतो? बारांना, ज्यांच्या हाती उद्या सगळं येणार होतं त्यांना. किंवा मेजवानीत पहिल्या जागा पकडणाऱ्यांना. बार्तीमय ओरडत होता तेव्हा लोक त्याला गप्प राहा म्हणून दटावत होते. येशूने त्याला गप्प बसवलं नाही, बोलावून घेतलं. तेव्हा पुढच्या वेळी व्यासपीठावरून नम्रतेवर बोलाल, तेव्हा कृपा करून पहिल्या रांगेकडे तोंड करून बोला.

पहिल्या रांगेवरून आठवलं. योहानाचं तिसरं पत्र जेमतेम पानभराचं आहे आणि त्यात दियत्रफेस नावाचा माणूस येतो. त्याची शिकवण चुकीची होती असं पत्रात कुठे म्हटलेलं नाही. त्याच्याबद्दल पहिली गोष्ट सांगितलीय ती ही, की त्याला सगळ्यांत पहिलं व्हायला आवडायचं. त्यापायी तो प्रवासी बंधूंना घरात घेत नव्हता आणि जे घेऊ पाहत त्यांना मंडळीबाहेर काढत होता. मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, शंभर टक्के शुद्ध असूनही माणूस मंडळीची दारं बंद करू शकतो, हे एवढ्याशा पत्राने सांगून ठेवलंय.

कोनशिलांबद्दल फार बोलत नाही. नव्या सभागृहाच्या भिंतीवर, बाकांवर, पंख्यांवर, पाण्याच्या टाकीवर नावं आहेत. जुन्या करारात इस्राएलाचा पहिला राजा शौल अमालेकी लोकांशी लढून परतताना कर्मेलात गेला आणि तिथे त्याने स्वतःसाठी स्मारक उभारलं. त्याच अध्यायात संदेष्टा शमुवेल त्याची आज्ञाभंगाबद्दल खरडपट्टी काढतो. शौल म्हणतो, मी पाप केलंय, पण आता वडीलजनांसमोर आणि इस्राएलासमोर माझा मान राखा. हे वाक्य मला रात्री झोपू देत नाही. पाप मान्य आहे, फक्त लोकांना कळता कामा नये. आपल्यातले किती वाद या एका वाक्यावर मिटवले गेलेत ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आता पाळकसाहेब, तुमच्या बाजूने थोडं. तुमच्याकडे बोट दाखवणं सोपं आहे. पगार बेताचा, बोलणी भरपूर, चुकलं की सगळ्यांना दिसतं, बरं केलं ते कोणाच्या लक्षात येत नाही. अशा माणसाला वर्षातून एकदा व्यासपीठावर चार चांगले शब्द ऐकावेसे वाटले, तर त्यात आश्चर्य काय? मोठेपणाची गोडी तुम्हाला लावली असेल तर ती आम्हीच. लुस्त्र गावात पौलाच्या शब्दावर एक लंगडा चालू लागला तेव्हा लोकांनी त्याचा सोबती बर्णबा याला ग्रीक देव झ्यूस आणि पौलाला हर्मीस ठरवलं, बळी द्यायला बैल आणि हार आणले. त्या दोघांनी कपडे फाडले आणि आम्हीही तुमच्यासारखीच माणसं आहोत म्हणत गर्दीत धावले. पुढे काही ओळींनंतर लोक पौलाला दगडमार करून मेला समजून बाहेर ओढून टाकतात. गर्दीचं असंच असतं. हार आणि दगड एकाच गोदामातून येतात. आम्ही तुम्हाला डोक्यावर घेतो तेव्हा घाबरून जा, अशी माझी विनंती आहे. आणि तुम्ही थकलात, एकटे पडलात की कोणीतरी तुमच्या घरी येऊन नुसतं बसावं, ही व्यवस्था आम्ही करायला हवी होती. तिच्याऐवजी आम्ही मानपत्रं देत राहिलो. ती स्वस्त पडतात.

विद्वत्तेचा प्रश्नही यातच येतो. आजकाल मानद डॉक्टरेट फार झाल्यात. कोणी दिली हे विचारलं की नजर चुकवली जाते. मला अशा वेळी पंडिता रमाबाई आठवतात. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' अशा पदव्या दिल्या, तेव्हा त्या विशीत होत्या. या पदव्या परीक्षा घेऊन, संस्कृतातलं पाठांतर आणि पांडित्य पाहून दिलेल्या. पुढे आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी मूळ इब्री आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करण्यात घातली, आणि ते केलं साध्या माणसांना, थोडंफार वाचता येणाऱ्या बायांना कळेल अशा सोप्या मराठीत. संस्कृताने नटलेली, विद्वानांनी मान डोलवावी अशी भाषा लिहिणं त्यांना काय अवघड होतं? जी येते ती चमक बाजूला ठेवून समोरच्याच्या उंचीला येणं, हे मला पाय धुण्याच्या फार जवळचं वाटतं. १९२२ साली त्या वारल्या.

हवं तर सहाव्या शतकात बेनेडिक्ट यांनी मठांसाठी लिहिलेली नियमावली काढून बघा. नम्रतेच्या बारा पायऱ्यांवरचा अध्याय सगळे सांगतात. मला त्यातला स्वयंपाकघरावरचा अध्याय आवडतो. मठातल्या बंधूंनी आळीपाळीने एकेक आठवडा इतरांची सेवा करायची. आजारपण किंवा फार महत्त्वाचं काम असेल तरच सुटका. आठवडा संपला की जाणारा आणि येणारा दोघांनी मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे, भांडी स्वच्छ करून परत द्यायची. दुसरा एक नियम कारागिरांसाठी आहे: एखाद्याला आपल्या कौशल्याचा गर्व झाला, आपल्यामुळे मठाचं भलं होतंय असं वाटू लागलं, तर त्याला त्या कामावरून काढा, नम्र झाला तर मठाधिपती पुन्हा ते देऊ शकतो. किती व्यवहारी माणूस! त्याने गर्विष्ठ माणसाला प्रवचन ऐकवलं नाही. काम काढून घेतलं आणि हाती भांडी दिली.

मला तुमच्याकडून मागायचंय ते याच जातीचं आहे. नम्रतेवर आणखी एक विशेष सभा नको. खुर्च्या हलवा. व्यासपीठावर ज्याला बोलायचं किंवा वाचायचं आहे तेवढ्यानेच बसावं आणि काम झालं की खाली यावं. कार्यक्रमानंतर खुर्च्या रचणं, झाडणं, प्रभुभोजनाचे प्याले धुणं यांची पाळी लावा आणि त्या पाळीत पाळकसाहेब, सचिव, खजिनदार सगळ्यांची नावं असू द्या. आणि तुमची पाळी असेल त्या दिवशी फोटो काढू नका, ही हात जोडून विनंती. समितीवर सलग किती काळ राहता येईल याला मर्यादा घाला. ही मर्यादा बसली तर मीच पहिला बाहेर पडेन. मनातून मला ते नकोय, म्हणूनच लेखी देतो. दानाची रक्कम माईकवरून वाचणं बंद करा. ज्या विधवेने मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी लहान नाणी, टाकल्या तिची रक्कम आपल्याला कळते ती येशूने शिष्यांना बोलावून दाखवली म्हणून. मंदिरात कोणी पुकारली नव्हती.

समितीत यावर काय म्हटलं जाईल ते मला माहीत आहे, कारण याआधी मीच ते म्हटलंय: मान दिला नाही तर लोक देणगी देणार नाहीत, पुढे येणार नाहीत, कामं अडतील. खरं आहे. काही जण देणार नाहीत. मग सभागृहाचा दुसरा मजला होणार नाही. नाही झाला तर नाही झाला. डोंगरावरच्या प्रवचनात येशू कर्णा वाजवून दान करणाऱ्यांबद्दल म्हणतो की ते आपलं प्रतिफळ भरून पावले आहेत. मूळ ग्रीक शब्द व्यवहारातला, पावतीवर लिहायचा: पूर्ण रक्कम मिळाली. आपल्या मराठी भाषांतरात 'भरून पावले' हे शब्द इतके अचूक बसलेत की मी तिथे दर वेळी थांबतो. हिशेब चुकता. येणं बाकी काही नाही. आपण दर वर्धापनदिनाला आपल्याच माणसांना अशा पावत्या फाडून देतो आणि त्याला त्यांचा गौरव म्हणतो.

मला पूर्ण जाणीव आहे की असलं पत्र लिहिणं हाही मिरवण्याचाच एक मार्ग असतो. "सत्कार नाकारणारा" म्हणून जो सत्कार होतो तो फार गोड लागतो, आणि तो नाकारताही येत नाही. एका ज्येष्ठांनी तीन वेळा पद नाकारलं आणि तिन्ही वेळा ते सगळ्यांना कळेल अशा आवाजात नाकारलं. आता त्यांची ख्याती 'पदाचा मोह नसलेला माणूस' अशी आहे आणि ती टिकवायला त्यांना बरीच मेहनत घ्यावी लागते. मलाही तो रस्ता दिसतोय. म्हणून माझं नाव यादीतून काढा, असं मी म्हणत नाही. सगळी यादीच काढा, असं म्हणतो. तिच्या जागी कार्यक्रमपत्रिकेचं एक पान कामांना द्या: रात्री आजाऱ्यांजवळ कोण बसतं, रविवारी दारं कोण उघडतं, बालवर्गाला कोण सांभाळतं, हिशेबाच्या वह्या कोण लिहितं. नावं मराठी मुळाक्षरांच्या क्रमाने. पद आणि कालावधी हे रकाने नकोत. माझं नाव तिथे येत असेल तर येईल; गेल्या वर्षी मी प्रत्यक्ष काय केलं ते आठवून पाहिलं, तर यादी करण्यापलीकडे फारसं काही सापडलं नाही.

त्या बहिणींचं नाव त्या पानावर घालण्याआधी त्यांना विचारा. नको म्हणाल्या तर घालू नका, आणि हो म्हणाल्या तर त्यांना कोणी नम्रता शिकवू नका. पुढच्या आठवड्यात त्यांच्याबरोबर एक रात्र मीही बसायला जाणार आहे. त्यांनी मला बजावलंय की तिथे फार बोलायचं नसतं.

पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हे पत्र घ्यावं, ही विनंती. बैठकीनंतर खुर्च्या उचलायला मी थांबेन. तुमच्यापैकी दोघे थांबले तरी काम लवकर उरकेल.

खाली सही करताना हात थांबला. नाव घातलं तर त्यासाठीच लिहिलं असं होईल, नाही घातलं तर निनावी पत्राचा भेकडपणा. तुम्हा सर्वांकडे यादीची प्रत आहेच.

आपला बंधू,
क्रमांक ७